पाचव्या दिवसाचं उदाहरण

उस्ताद मेख्लूफींनी फळ्यावर तीनचा आकडा काढला आणि त्याच्यापुढची जागा कोरी ठेवली. बतूलनंही वहीत तीनचा आकडा काढला. गॅरेजचं शटर निम्मं खाली ओढलेलं होतं; त्याच्याखालून रस्त्यानं जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत होते, आणि आत तेवीस मुलंमुली आणि चाळिशीची एक बाई, म्हणजे बतूल, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसलेली होती. पहिलं उदाहरण कादंबरीतलं, ते ठरलेलं होतं. दुसरं इतिहासातलं, तेही ठरलेलं. तिसरं आपल्या आजूबाजूचं. गेल्या वर्षी परीक्षकांनी म्हणे तक्रार केली होती, की मुलं स्वतःच्या आयुष्यातलं काही लिहीतच नाहीत. तेव्हा यंदा स्वतःच्या आयुष्यातलंही फळ्यावरूनच द्यायचं असं उस्तादांनी ठरवलं होतं.

"समाज माणसाला चिरडतो," ते म्हणाले, "याचं इथलं, आपल्या मेकनेसमधलं उदाहरण द्या. चला, कोण देतंय?"

"उस्ताद, माझ्या घरचे मला फुटबॉल खेळू देत नाहीत," मागून झियाद म्हणाला.

"तू गोल खातोस म्हणून. ती समाजाची दया आहे. दुसरं कोणी?"

सगळे हसले. बतूलही हसली, ओढणीच्या आड. मग वियाम नावाच्या मुलीनं हात वर केला. ही नव्या शहरातली, हमरियातली. केस मोकळे, नखांना निळा रंग, आणि वर्गात सगळ्यात चांगलं फ्रेंच तिचंच. तीच एकटी बतूलसाठी शेजारची खुर्ची धरून ठेवायची आणि न समजलेला शब्द हळूच वहीच्या कडेला लिहून द्यायची. वियाम म्हणाली, "माझी आजी पूर्वी जुन्या शहरात, बेर्रिमात राहायची. तिथल्या एका मुलीची गोष्ट ती नेहमी सांगते. लग्न होऊन डोंगरातल्या अझरूला गेली. नवरा चामड्याच्या पट्ट्यानं मारायचा. तर सातव्या दिवसाचा, नवरीचा जरीचा पट्टा बांधायच्या आधीच, पाचव्या दिवशी, हातावरची मेंदीसुद्धा उतरली नव्हती, अशी पळून आली. आणि मग सगळ्या गल्लीनं तिला वाळीत टाकलं."

बतूलचं पेन चालू होतं. वियाम बोलेल ते ती उतरवून घेत होती, कारण वियामचं फ्रेंच चांगलं. एक तरुण मुलगी, लग्नानंतर पाचव्या दिवशी, असं अर्धं वाक्य कागदावर उतरल्यावर तिला कळलं की ही आपण. त्यानंतरही पेन थांबलं नाही. हात आपला लिहीत राहिला, जसा तो कामावर, पाळणाघरातल्या मुलांच्या डब्यांवर नावं लिहीत राहतो. आणि बतूलला पहिली जाणीव झाली ती कानांची. कान एकदम गरम झाले होते. मग तिला वाटलं, आता सगळे मागं वळून बघतील. कोणी वळलं नाही. झियाद खुर्चीच्या पायाशी चाळा करत होता.

"उत्तम!" उस्ताद म्हणाले. त्यांच्या आवाजात खरा आनंद होता. "काय करायचा तो नवरा?"

"शिक्षक होता म्हणे. प्राथमिक शाळेत."

"शिक्षक! मग तर फारच छान. शिकलेला माणूस आणि तरी रानटी. परीक्षकाला हे आवडणार." ते फळ्याकडे वळले. "चामड्याच्या पट्ट्यानं मारतो. सासू बाहेरून कडी घालते. ती पळते. बाप दार उघडत नाही. गल्ली तोंड फिरवते. आणि शेवटी, लिहा, आजही ती खिडकीत बसून असते."

"आजही, उस्ताद?" वियामनं विचारलं. "आजी तर म्हणते ती कुठं असते काही ठाऊक नाही."

"आजही. वर्तमानकाळ जास्त उठून दिसतो."

बतूलनं लिहिलं, की आजही ती खिडकीत बसून असते. खाली रेघ मारली. उस्तादांनी सांगितलं होतं, की प्रत्येक उदाहरणाखाली रेघ मारायची, म्हणजे पाठ करताना नजर चुकत नाही.

क्लास सुटल्यावर ती घरी चालत निघाली. नव्या शहरातून जुन्या शहराकडे जाताना मधे दरी लागते, तिच्यावरचा पूल लागतो. रोज ती इथं थांबून दम खात असे, आज थांबली नाही. दुपारच्या नमाजानंतरची वेळ, पण ऊन अजून उन्हाळ्याचं झालं नव्हतं. सोमवार होता आणि तिचा उपास होता. सोमवार-गुरुवारचा उपास ती आई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, न चुकता धरत आली होती. आईच्या नावानं धरत होती, पण कोणाला तसं सांगितलेलं नव्हतं. तोंड कोरडं पडलं होतं आणि त्या कोरड्या तोंडात फ्रेंचची वाक्यं आपोआप फिरत होती. पाठांतराची सवयच अशी लागली होती, की जे ऐकलं ते जीभ घोळवत बसे. सासू बाहेरून कडी घालते. बाप दार उघडत नाही. पुलाच्या मध्यावर आल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण हे चालीवर म्हणत आहोत. ती गप्प झाली. आणि गप्प झाल्यावर, इतकी वर्षं ज्याला हात लावला नव्हता ते घर समोर आलं. अझरूचं घर, फेब्रुवारीतलं, ओलं, देवदाराचा धूर भरलेलं.

कडी नव्हती. पडदा होता, पिवळ्या फुलांचा. नव्या नवरीनं सात दिवस त्या पडद्याआड बसायचं. बायका यायच्या, पडदा बाजूला करून बघायच्या, बदाम हातात ठेवायच्या, जायच्या. सातव्या दिवशी घरातलं एक लहान मूल तिच्या कमरेला पट्टा बांधणार, चंदेरी जरीचा, तिच्या सासूचाच तो होता. मग ती उठणार, स्वयंपाकघरात जाणार, मासे तळणार, आणि त्या क्षणापासून त्या घरची होणार. सासू चांगली होती. गुडघे दुखायचे तिचे, तरी रोज सकाळी ती स्वतः हरीऱ्याचं गरम सूप घेऊन यायची. आणि हम्मादी. त्याचं नाव मनात उच्चारतानासुद्धा बतूलला पुलाच्या कठड्याला हात लावावासा वाटला. हम्मादी हा तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, हडकुळा, गणित शिकवणारा माणूस. तिसऱ्या दिवशी तिची दाढ दुखायला लागली. नव्या नवरीची दाढ दुखते हे कोणाला सांगायचं नसतं. त्यानं कसं ओळखलं कोण जाणे. जेवताना त्यानं रोटीचा कडक भाग स्वतःकडे ओढला, आतला मऊ तेवढा तोडून दुधात भिजवला आणि वाटी तिच्यापुढे सरकवली. मग उठला. बाहेर जाऊन लवंगा घेऊन आला. कागदाच्या पुडीत पाच लवंगा होत्या.

आणि पाचव्या दिवशी सकाळी ती निघून आली.

का, हे तिला तेव्हा सांगता आलं नव्हतं. कोणी मारलं नव्हतं. कोणी टाकून बोललं नव्हतं. अंगणात बायका सातव्या दिवसाच्या माशांचं बोलत होत्या, फेसहून येणार की नदोरहून, बर्फात येणार का, कोणीतरी हसलं, आणि पडद्याआड बसलेल्या बतूलला वाटलं की आपण आता उठलो नाही तर पुन्हा कधीच आपल्या आपण उठणार नाही. एवढंच. हे काही कारण नव्हे. तिनं पायांत घरातल्याच बाबूश सपाता चढवल्या, मागच्या दारानं बाहेर आली आणि सहा जण भरून मेकनेसला जाणाऱ्या टॅक्सीत सहावी म्हणून शिरली. ड्रायव्हरनं तिच्या हातांवरची मेंदी बघितली आणि वाटभर आरसा दुसरीकडे फिरवून ठेवला.

बापानं दार उघडलं होतं. लगेच उघडलं होतं. तिच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, "आत ये, गारठशील." नंतर महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही, पण त्याला काय बोलायचं ते सुचत नव्हतं म्हणून, रागावून नव्हे, हे तिला तेव्हाही कळत होतं. गल्लीनंही तोंड बिंड काही फिरवलं नाही. उलट गल्ली तिच्यासाठी हळहळली. आणि ही हळहळ कशी सुरू झाली, ते बतूलला पक्कं ठाऊक होतं. ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी आई भाकरीची परात घेऊन गल्लीच्या भट्टीवर गेली. परत आली तेव्हा कपाळावर घाम होता. परात खाली ठेवून म्हणाली, "सांगितलं एकदाचं. म्हटलं, मारत होता. पट्ट्यानं. आता तुला कोणी काही विचारणार नाही." आणि खरंच, कोणी काही विचारलं नाही. बायका घरी आल्या, साखर घेऊन आल्या, डोळे पुसून गेल्या. बतूल भिंतीशी बसून होती. तिनं 'नाही' म्हटलं नाही. तिला जेमतेम विशी लागलेली होती आणि दाढ अजून दुखत होती.

त्यानंतरचं काही तिनं पाहिलं, बाकीचं फार हळूहळू तिच्या कानांवर आलं. काडीमोडाच्या वेळी साक्षी लिहून घेणाऱ्या दोघांपुढं हम्मादी बसला होता. त्यांनी विचारलं, मुलीकडच्यांबद्दल काही तक्रार? त्यानं नाही म्हटलं. तिला त्याचे नुसते बूट दिसत होते, चिखल पुसून आलेले. पुढं चार वर्षांनी एका लग्नात एक मामेबहीण म्हणाली, की अझरूत पालक त्याच्या वर्गात पोरं घालायला तयार होईनात. जो बायकोला मारतो तो पोरांना सोडेल का? त्यानं बदली मागून घेतली. लांब दक्षिणेत, एर्राशिदियाच्याही पलीकडे, जिथं जायला कोणी तयार नसतं. तिथंच त्यानं लग्न केलं, मुलगी झाली. मामेबहिणीनं हे सांगितलं ते असं, की बघ, देवानं केला न्याय. आणि बतूलनं हातातला चहा पिऊन टाकला होता, एका घोटात, जीभ भाजेपर्यंत.

घरी येऊन तिनं वही उघडली. या वर्षीची कादंबरी एकोणिसाव्या शतकातली होती, फ्रान्समधल्या कुठल्याशा लहान गावाची. नोटरीची विधवा ओर्तांस दुखवट्याचा काळा पोशाख मुदतीच्या आधी उतरवते, गाव तिच्याशी बोलणं टाकतं. मुलांना हे पुस्तक कंटाळवाणं वाटे. बतूलला मुळीच वाटत नव्हतं. आईनं बापामागं चार महिने दहा दिवस पांढरं नेसलेलं तिनं बघितलं होतं. पाचव्या महिन्यात आई तो पोशाख घडी करून ठेवताना कशी घुटमळली होती, तेही बघितलं होतं. कादंबरीच्या शेवटी अकरा महिने कोणी दारात आलं नाही म्हणून ओर्तांस एके दिवशी आपणहून पुन्हा काळा पोशाख चढवते. उस्ताद सांगायचे, इथं समाज जिंकला, हे वाक्य जसंच्या तसं लिहा. बतूलला मात्र त्या पानावर गावातलं कोणीच दिसायचं नाही. एक बाई, एक कपाट आणि एक आरसा, एवढंच. ती ओर्तांसला विचारायची, अगं, तू कोणासाठी घातलास? पण हा प्रश्न परीक्षेत येणारा नव्हता.

परीक्षा पास होणं तिला भाग होतं. ती ज्या पाळणाघरात काम करत होती तिथल्या संचालिका लल्ला सुआद यांनी हिवाळ्यातच सांगून टाकलं होतं, की नवा नियम आला आहे. सप्टेंबरपासून मुलांजवळ बसणारी प्रत्येक बाई बाकालोरिया, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, झालेली हवी. "तुझ्यावर माझा जीव आहे, बतूल, पण कागद म्हणजे कागद." पंधरा वर्षं ती त्या मुलांजवळ बसत आली होती. दुसरं काम तिला येत नव्हतं आणि दुसऱ्या कामाची हौसही नव्हती. म्हणून ती बाहेरून परीक्षेला बसली. फ्रेंचमध्येच ती कच्ची. पाठ केलेलंच तिला तारणार, हे उस्तादही जाणून होते आणि तीही.

पंधरा दिवसांत ते उदाहरण सगळीकडे झालं. उस्तादांनी पान टंकून घेतलं. झेरॉक्सवाल्यानं ते दारातल्या दोरीवर चिमट्यानं टांगलं, 'निबंध: व्यक्ती आणि समाज, तीन उदाहरणांसह'. पाळणाघरातल्या एका मुलाची मोठी बहीण त्याला न्यायला आली, ती दारात उभी राहून पुटपुटत होती, आजही ती खिडकीत बसून असते, आजही ती खिडकीत. बतूलनं मुलाच्या बुटाचे बंद बांधले. तिला आधी वाटलं होतं की आपल्याला लाज वाटेल. लाज वाटली नाही. त्या कागदातल्या मुलीशी तिचं काही नातंच उरलं नव्हतं. पण चामड्याचा पट्टा मात्र तिला दिसायचा. नमाजाआधी वजूचे हातपाय धुताना, भाजी चिरताना. आईनं एका बाईला, एका भट्टीवर, एकदाच सांगितलेली गोष्ट. ती मुरून, विरून जायला हवी होती. आता ती शेकडो मुलांच्या तोंडी होती, आणि लेखी होती. बोललेल्याची गोष्ट वेगळी, लिहिलेल्याची वेगळी. खोटी साक्ष लेखी देणं म्हणजे काय, हे तिला लहानपणी मशिदीच्या शाळेत शिकवलेलं होतं आणि ते ती विसरलेली नव्हती.

एका गुरुवारी ती क्लासला लवकर गेली. उस्ताद एकटेच खुर्च्या मांडत होते. तीही मांडू लागली.

"उस्ताद, ते तिसरं उदाहरण," ती म्हणाली. "त्यातला नवरा शिक्षक नसला तर?"

"काय हे लल्ला बतूल! तुम्ही शिक्षकांची बाजू घेता? मी शिक्षक असून घेत नाही."

"आणि मारत नसला तर?"

उस्ताद खुर्ची हातात धरून उभे राहिले. ते वाईट माणूस नव्हते. तिच्याकडून ते निम्मीच फी घेत आणि ते कोणाला सांगत नसत. "मारत नसला तर उदाहरण उरतं कुठं?" ते म्हणाले. "समजा तो मारत नाही, सासूही चांगली, बापानंही दार उघडलं. मग ती आली कशाला? परीक्षक विचारणार, कारण काय? कारण नसेल तर बाई, ती व्यक्तीही नाही आणि समाजही नाही. नुसती एक मुलगी टॅक्सीत बसली. त्याला शून्य."

"पण कोणी खरा माणूस असेल तो."

"नाव आहे का त्यात? गाव आहे का? अझरू मी काढून टाकलं. हे बघा, एर्राशिदियाचे माझे मित्र आहेत, त्यांनासुद्धा मी पान पाठवलं. तिकडेही हीच कादंबरी लावली आहे. तिथली मुलंसुद्धा पाठ करतायत. कोणाला कळणार आहे?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही नवं काही लिहायला जाऊ नका. तुमचं फ्रेंच मी जाणतो. स्वतःचं लिहायला लागलात की ते मोडतं."

"हो," बतूल म्हणाली आणि उरलेल्या खुर्च्या मांडल्या.

एर्राशिदिया. त्या दिवसापासून तिला मनात हम्मादीची मुलगी दिसू लागली. सोळा-सतरा वर्षांची, हडकुळी, बापासारखी लांब बोटं असलेली. भर दुपारी मातीच्या भिंतीच्या सावलीत बसून हात वर-खाली करत पाठ करणारी. शिकलेला माणूस आणि तरी रानटी. आतून तिचा बाप विचारतो, काय पाठ करतेस गं? आणि ती वाचून दाखवते. इथं बतूल थांबायची. त्याच्या चेहऱ्यापर्यंत ती जाऊ शकत नव्हती. पाच दिवसांत तिनं तो चेहरा नीट बघितलाच नव्हता. तिला बूट आठवत, वाटी आठवे, लवंगांची पुडी आठवे. मग उलटाही विचार यायचा. आपण खरं म्हटलं, तर आई खोटी पडते. थडग्यात असलेली आई, जिच्या नावानं आपण उपास धरतो. आईनं जे केलं ते आपल्याला वाचवायला केलं. तिची परात, तिचा घाम. आणि आपण काय केलं? आपण भिंतीशी बसून राहिलो. ओर्तांसच्या गावानंही याहून जास्त काही केलं नव्हतं. तेही नुसतं गप्पच राहिलं होतं.

परीक्षेच्या दिवशी, सोमवारी, ती पहाटे नमाजात अंमळ जास्त वेळ सजद्यात, कपाळ जमिनीला टेकून राहिली. काय मागावं ते ठरेना. मार्क मागायला तिला संकोच वाटला. मग नुसतंच, माझी जीभ सरळ ठेव, एवढं मागून ती उठली.

वर्गात एका बाकावर एकच जण. तिच्यापुढे दोन बाकं सोडून वियाम. पर्यवेक्षिका बाईंनी ओळखपत्रावरचा फोटो पाहून बतूलला 'बसा, लल्ला' म्हटलं; बाकी सगळ्यांना नुसतंच 'बस' म्हटलं. उताऱ्यावरचे प्रश्न तिला बरे गेले. ओर्तांस आपली ओळखीची होती. मग पान उलटलं. निबंध: 'काहींच्या मते समाज माणसाला चिरडतो. तुम्हाला काय वाटतं? आपल्या आजूबाजूचं उदाहरण देऊन लिहा.' वर्गभर एक सुस्कारा गेला, सुटकेचा, आणि पाठोपाठ सगळी पेनं एकदम चालू लागली. प्रश्नाचा विचार कोणी केलाच नाही. बतूलनंही पहिला परिच्छेद उतरवला, माणूस हा समाजात राहणारा प्राणी आहे, तिथपासून. कादंबरीचा परिच्छेद उतरवला. इतिहासातला उतरवला. अक्षर छान आलं. मग तिनं तिसऱ्या उदाहरणाच्या परिच्छेदाआधी मोकळी जागा सोडली, आणि 'एक तरुण मुलगी, लग्नानंतर पाचव्या दिवशी' एवढं लिहिलं.

आजूबाजूला ते ऐकू येत होतं. खरंच ऐकू येत होतं. सगळी पेनं एकाच ठेक्यावर कागद घासत होती, आणि ज्या क्षणी पट्टा येतो त्या क्षणी तो सगळीकडून आला असं तिला वाटलं. तेवीसजण इथं. किती वर्गांत किती. तिनं खिडकीकडे बघितलं. घशाला कोरड होती. वाक्य पुरं करायला तिच्याजवळ शब्द तयार होते, एकामागून एक, जिभेच्या टोकावर, आणि दुसरे कुठलेच नव्हते. दुधात भिजवलेल्या रोटीला काय म्हणतात ते तिला येत नव्हतं. पडद्याआड बसल्यावर जे वाटलं त्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात, ते तर आपल्या भाषेतही तिला आलं नव्हतं.

तिनं लिहायला सुरुवात केली. लहान मुलांच्या पहिल्या पुस्तकातल्यासारखी वाक्यं. तो चांगला होता. तो मारत नव्हता. माझा दात दुखत होता. तो मला मऊ भाकर देत होता. त्याची आई मला सूप देत होती. माझ्या वडिलांनी दार उघडलं. माझ्या आईनं सांगितलं की तो मारतो, कारण माझी आई माझ्यावर प्रेम करत होती. मी गप्प राहिले. लोकांनी त्याला गावातून घालवलं. मी पण लोक होते. इथं ती थांबली. हे फ्रेंचमध्ये असं म्हणतात का याची तिला खात्री नव्हती. 'लोक' वर तिनं दोनदा पेन फिरवलं आणि तसंच राहू दिलं. मग उस्तादांचा प्रश्न आठवला, कारण काय? परीक्षक विचारणार. तिनं प्रामाणिकपणे त्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. ते फार छोटं होतं. घंटा व्हायला अजून वीस मिनिटं होती. लिहायला काही उरलं नव्हतं म्हणून तिनं पेनाचं टोपण लावलं आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

फाटकाबाहेर मुलांचा गलका होता. झियाद उड्या मारत होता, "तिसरं आलं! अख्खं आलं!" वियाम गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ आली आणि तिनं बतूलचा हात धरला. ती बतूलला 'खालती', म्हणजे मावशी, म्हणायची.

"खालती, आलं ना? माझंच उदाहरण! आजीला सांगणार आहे मी आता. तुम्ही पुरं लिहिलंत ना? कडीबिडी?"

"नाही," बतूल म्हणाली. "कडी नव्हती तिथं."

"म्हणजे?"

"पडदा होता. आणि तो मारायचा नाही, वियाम. कधीच नाही. आजीला तेवढं सांग. आजी नसेल मानत तर माझं नाव सांग, बेर्रिमातल्या लोहारगल्लीची बतूल. म्हणावं, तिनं स्वतः सांगितलं."

वियामनं तिचा हात सोडला नाही, पण तोंड उघडं राहिलं. तिची नजर बतूलच्या चेहऱ्यावरून हातांवर गेली, तिथं काही शिल्लक असेल असं वाटून की काय, आणि परत वर आली. मागं झियाद अजून ओरडतच होता.

"तुम्ही?" ती हळू आवाजात म्हणाली. "पण मी तर... वर्गात सगळ्यांसमोर... अल्लाह! खालती, तुम्ही मला थोबाडीत का नाही मारलीत?"

"तुझी काय चूक? तू ऐकलेलं सांगितलंस. मीही त्या वेळी ऐकून घेतलं होतं."

दोघी उन्हातून बाजूला झाल्या, भिंतीच्या कडेला. वियामनं खांद्यावरची पिशवी भिंतीशी ठेवली. मग तिच्यातली हुशार विद्यार्थिनी जागी झाली. भुवया जवळ आल्या.

"मग तो चांगला होता तर तुम्ही आलात का निघून?"

"माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही?"

"नाही माहीत."

"आणि पेपरात काय लिहिलंत? कारण द्यावंच लागतं, खालती. उस्ताद शंभरदा सांगतात."

"तेच लिहिलं. मला माहीत नाही."

वियामनं डोळे मिटून घेतले, जसे आपलाच पेपर गेल्यावर मिटतात. "मार्क जातील हो तुमचे," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात रडू होतं.

"जातील," बतूल म्हणाली. "चल, तुझी बस चुकेल."